दर नवीन प्रिव्ह्यू बिल्डनंतर बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय? नुसती की टाकून भागणार नाही

विंडोजचे इन्सायडर बिल्ड, म्हणजे पक्कं व्हर्जन यायच्या आधी चाचणीसाठी मिळणारे प्रिव्ह्यू बिल्ड, वापरणाऱ्यांना हा प्रॉब्लेम कधी ना कधी येतोच. रात्री नवीन बिल्ड उतरलं, रिस्टार्टला टाकून आपण जेवायला गेलो, परत येऊन बघतो तर डेस्कटॉपच्या जागी बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, निळी स्क्रीन आणि त्यावर लिहिलंय ४८ आकडी रिकव्हरी की टाका. शोधाशोध करून टाकली, मशीन चालू झालं, आठवड्याने पुढचं बिल्ड आलं आणि परत तेच. काहींना तर साध्या रिस्टार्टलाही विचारतो. मग लोक काय करतात, त्या आकड्यांचा फोटो फोनमध्ये ठेवतात, दर वेळी बघून बघून टाइप करतात आणि प्रॉब्लेम सुटला असं समजतात. सुटलेला नसतो, आज फक्त आत शिरायला मिळालेलं असतं. विचारतोय का ते शोधलं नाही तर एक दिवस फोन हातात नसेल आणि मग बसा.

आत्ता या क्षणी स्क्रीन समोर उभी असेल तर आधी की मिळवू, कारणं नंतर बघू.

दुसऱ्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हायसेसमध्ये जा, तिथे बिटलॉकर रिकव्हरी की असा भाग आहे. तिथे एकापेक्षा जास्त की दिसल्या तर घाबरू नका, विंडोज परत परत टाकलं असेल तर जुन्याही पडून असतात. निळ्या स्क्रीनवर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या यादीशी जुळवा, जी जुळेल तीच की तुमची, बाकीच्या कितीही वेळा टाका, उघडणार नाही. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून कुठलं अकाउंट आहे याचा हिंटही स्क्रीनवर येतो, त्याने बरंच काम वाचतं.

अकाउंटमध्ये काहीच नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप कोणी केला होता ते आठवा. माझ्या एका मित्राने लॅमिंग्टन रोडवरून डेस्कटॉप असेंबल करून घेतला होता, दुकानातल्या पोराने घाईघाईत स्वतःच्याच मेल आयडीने विंडोज चालू करून दिलं, आणि की गेली त्या पोराच्या अकाउंटमध्ये. नशीब पोरगा अजून तिथेच कामाला होता. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे असते, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रिव्ह्यू बिल्ड टाकलेच का हा प्रश्न ते आधी विचारतील आणि बरोबरच विचारतील. आणि की कुठेच नसेल तर मात्र उपाय नाही, मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टला फोन केला तरी ते की बनवून देऊ शकत नाहीत, ड्राइव्ह पुसून नव्याने विंडोज टाकायचं, डेटा गेला. एन्क्रिप्शनचा अर्थच तो आहे, त्यात कोणाची ओळखपाळख चालत नाही.

की कागदावर हाताने लिहिलेली असेल आणि १ आहे का ७ असा घोळ असेल तर एक युक्ती सांगतो, ही फार कमी लोकांना माहीत असते. ४८ आकडे म्हणजे ६ आकड्यांचे ८ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे गट १२३४५३ असेल तर ११ ने भागून ११२२३ बरोब्बर येतं, पण तो १२३४५४ असेल तर भाग जात नाही, म्हणजे तो आकडा चुकलेला आहे. फोनचा कॅल्क्युलेटर काढायचा आणि संशय असलेला गट भागून बघायचा. शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तरी यात पकडले जातात.

आणि कीबोर्डचा आकडाच मेला असेल तर? आमच्या बिल्डिंगमध्ये, भांडुपला, खालच्या मजल्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याचा ऐन जुलैमध्ये फोन आला, दादा की बरोबर आहे हो पण आठ उमटतच नाहीये. पावसाळ्यात खिडकीखाली लॅपटॉप ठेवल्यावर दुसरं काय होणार. त्या स्क्रीनवर आकड्यांऐवजी वरच्या एफ वाल्या की पण चालतात, एफ१ म्हणजे १, एफ८ म्हणजे ८ आणि एफ१० म्हणजे ०. लॅपटॉपवर त्या कदाचित एफएन दाबून चालतील, ब्राइटनेस कमीजास्त झाला तर समजायचं एफएन पाहिजे. त्या पोराने एफ८ दाबून पूर्ण की टाकली, बाहेरचा यूएसबी कीबोर्ड आणायलासुद्धा जावं लागलं नाही.

आता आत आलात, तर कारणाकडे वळू.

मदरबोर्डवर टीपीएम नावाची चिप असते, किंवा प्रोसेसरमध्येच तिचं काम होतं. मशीन चालू होताना बायोस (मशीनचं सगळ्यात आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर), सिक्युअर बूटची (सही असलेलंच चालू होऊ देणारी सोय) स्थिती, बूट लोडर (विंडोजला चालू करून देणारा छोटा प्रोग्राम), हे सगळं एकामागोमाग मोजलं जातं आणि टीपीएममध्ये नोंदवलं जातं. मागच्या वेळेसारखीच मोजणी आली तर टीपीएम गुपचूप ड्राइव्हची चावी देतो, तुम्हाला कळतही नाही. मोजणी बदलली की देत नाही. सोसायटीचा जुना वॉचमन असतो ना, रोज पुढच्या गेटने आलात तर मान हलवून सोडतो आणि एक दिवस मागच्या भिंतीकडून आलात तर फ्लॅट नंबर विचारतो, तसंच आहे हे. वॉचमनचं काही चुकलेलं नसतं.

मोजणी ठेवायचे कप्पे असतात, त्यांना पीसीआर म्हणतात. सिक्युअर बूट व्यवस्थित चालू असेल तर बिटलॉकर साधारण ७ आणि ११ नंबरचे कप्पे बघतो, म्हणजे मुख्यतः बूट होणाऱ्या गोष्टी कोणाच्या सहीच्या आहेत एवढंच. सिक्युअर बूट बंद असेल तर ०, २, ४ आणि ११ बघतो, म्हणजे बायोसचा कोड आणि बूट लोडरची प्रत्यक्ष फाईलसुद्धा. हा दुसरा प्रकार फार हळवा आहे, जरा काही हललं की रिकव्हरी. तुमचं कुठलं आहे ते बघायला स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधा, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, उजवीकडे खाली पीसीआर७ कॉन्फिगरेशन अशी ओळ आहे. तिथे बाउंड असेल तर छान. बाइंडिंग नॉट पॉसिबल असेल तर तुमच्या त्रासाचं अर्ध उत्तर तिथेच मिळालं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नाही उघडलं तर एलिव्हेशन रिक्वायर्ड दाखवतो, त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

पुढचा प्रश्न, की नेमकी कधी मागतो? दर रिस्टार्टला, फक्त नवीन बिल्डनंतर, का फक्त काही लावलेलं असताना? हे एकदा नीट लक्ष देऊन बघा, कारण तिन्हीची कारणं वेगळी आहेत आणि लोक तिन्हींना एकच औषध देतात.

काही लावलेलं असताना मागत असेल तर सोपं आहे. बूटेबल पेन ड्राइव्ह तसाच राहिलाय, किंवा डॉक (लॅपटॉपला जोडायचा जादा पोर्टचा डबा) लावला की मागतो आणि काढला की नाही, असं असेल तर बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर घ्या, यूएसबी खाली ढकला, आणि डॉक लावून ठेवायचा का काढून ठेवायचा ते एक ठरवून टाका.

दर रिस्टार्टला, आणि त्यातही मेन स्विच बंद करून चालू केल्यावर हमखास मागत असेल, आणि वर घड्याळाची वेळही चुकीची येत असेल, तर डेस्कटॉपच्या बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२ चा गोल सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल गेला की बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंग्ज कंपनीच्या मूळ स्थितीला जातात, कधी त्यात टीपीएम बंद होतो, कधी सिक्युअर बूट, आणि बिटलॉकर बिचारा रोज नवीन मशीन बघतोय असं त्याला वाटतं. यात प्रिव्ह्यू बिल्डचा काही संबंधच नाही, पण शिव्या बिल्डला पडतात.

आता खरा किचकट प्रकार, म्हणजे फक्त नवीन बिल्डनंतर मागणं. ज्यांना नवीन नवीन ओएस चाखून बघायची हौस असते त्यांच्याकडे सहसा एकाच लॅपटॉपवर दोन असतात, इकडे विंडोजचं इन्सायडर बिल्ड आणि तिकडे उबुंटू या लिनक्सचं डेली बिल्ड नाहीतर बीटा, आणि सुरुवातीला ग्रबचा मेन्यू येतो ज्यात कुठलं चालू करायचं ते निवडायचं. गोम इथे आहे. ग्रबमधून विंडोज निवडलं की बायोस आधी लिनक्सचा शिम नावाचा छोटा प्रोग्राम चालू करतो, शिम ग्रबला चालू करतो, ग्रब विंडोजच्या बूट मॅनेजरला. आणि बायोसमधून थेट विंडोज निवडलं की मधले दोघे नसतातच. दोन्हीकडून विंडोज तेच चालू होतं पण मोजणी वेगळी येते, पीसीआर ४ मध्ये पण आणि ७ मध्ये पण, कारण शिमवर मायक्रोसॉफ्टचीच पण वेगळ्या सर्टिफिकेटची सही असते.

विंडोजचं मोठं बिल्ड इन्स्टॉल झालं की बऱ्याचदा ते बूट ऑर्डरमध्ये स्वतःला वर आणून ठेवतं. इन्स्टॉलच्या वेळचे रिस्टार्ट थेट रस्त्याने होतात, टीपीएममध्ये त्या रस्त्याची मोजणी बसते. मग आपल्याला दिसतं की अरे ग्रबचा मेन्यू गायब झाला, आपण बायोसमध्ये जाऊन उबुंटू परत वर आणतो, ग्रबमधून विंडोज चालू करतो आणि धाडकन निळी स्क्रीन. की टाकल्यावर विंडोज सहसा या नव्या रस्त्याची मोजणी जमा करून घेतं, त्यामुळे पुढचं बिल्ड येईपर्यंत सगळं शांत. पुढचं बिल्ड आलं की परत पहिल्यापासून. आणि उबुंटूही प्रिव्ह्यूमधलं असेल तर शिम आणि ग्रबचे अपडेट तिकडूनही येत राहतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी जमीन हलतेय आणि मधे बिटलॉकर उभा आहे.

यावर माझं स्पष्ट मत आहे, ग्रबमधून विंडोज चालू करायचं बंद करा. लिनक्स पाहिजे तेव्हा ग्रब, विंडोज पाहिजे तेव्हा लॅपटॉप चालू करताना कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप जे काय असेल ते दाबून बूट मेन्यूमधून विंडोज बूट मॅनेजर. एक की जास्त दाबावी लागते पण कटकट संपते. लिनक्समध्ये असतानाच पुढचा रिस्टार्ट विंडोजमध्ये करायचा असेल तर एफिबूटएमजीआर कमांडने फक्त पुढच्या वेळेपुरता विंडोजचा नंबर लावता येतो, तोही थेट रस्ताच आहे. सिक्युअर बूट बंद करून टाका म्हणजे झालं असं सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका, बंद केल्याने उलट वर सांगितलेल्या हळव्या प्रकारात जाऊन पडाल.

लिनक्सकडून अजून एक गोष्ट येते ती फर्मवेअर अपडेटची. तिथल्या सॉफ्टवेअर ॲपमध्ये कधी कधी सिक्युअर बूट डीबीएक्स नावाचं अपडेट दिसतं, ही बाद केलेल्या बूट लोडरची यादी असते. ती यादी पीसीआर ७ मध्ये मोजली जाते, म्हणजे हे अपडेट लिनक्समधून मारलं की पुढच्या वेळी विंडोज की मागणारच. वाईट अपडेट नाहीये, घ्यायलाच पाहिजे, फक्त आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर सस्पेंड करून या. तसंच सिक्युअर बूटची २०११ सालची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून एक्स्पायर व्हायला लागतात, त्यांच्या जागी २०२३ ची बसतात, तीही पीसीआर ७ मध्येच मोजली जातात. विंडोजने स्वतः बसवली तर ते सांभाळून घेतं, पण बायोसमध्ये जाऊन हाताने सिक्युअर बूटच्या की रिसेट करण्याचा उद्योग कोणी केला तर रिकव्हरी की जवळ घेऊनच करा.

आता सस्पेंड म्हणजे काय ते, कारण हा शब्द ऐकून लोक घाबरतात. डेटा डिक्रिप्ट होत नाही, वेळ लागत नाही, फक्त तेवढ्यापुरती चावी ड्राइव्हवर उघडी ठेवली जाते म्हणजे मोजणी जुळली नाही तरी विंडोज चालू होतं. रिझ्यूम केलं की त्या क्षणाची मोजणी पक्की होते. कंट्रोल पॅनेल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन, तिथे सी ड्राइव्हसमोर सस्पेंड प्रोटेक्शन. तिथून केलं तर पुढच्या रिस्टार्टनंतर आपोआप परत चालू होतं. बायोस अपडेट करताना एकापेक्षा जास्त रिस्टार्ट होणार असतील तर पॉवरशेलमध्ये सस्पेंड-बिटलॉकर कमांडला रिबूटकाउंट देता येतो, ० ते १५, आणि ० म्हणजे तुम्ही स्वतः रिझ्यूम करेपर्यंत सस्पेंडच. ० दिलात तर रिझ्यूम करायचं लक्षात ठेवा, नाहीतर कुलूप लावून चावी दारालाच लटकवल्यासारखं.

विंडोजचं स्वतःचं बिल्ड अपडेट हे सस्पेंडचं काम आपणहून करतं, त्यामुळे सगळं सरळ असेल तर बिल्डनंतर की मागायला नको. मागतोय म्हणजे त्याच रिस्टार्टमध्ये दुसरं काहीतरी घुसलंय. विंडोज अपडेटच्या हिस्टरीमध्ये जाऊन त्याच तारखेला फर्मवेअर नावाचं काही आलंय का बघा, किंवा लॅपटॉप कंपनीचं जे अपडेट ॲप असतं त्याने मागच्या मागे बायोस टाकलाय का. असेल तर त्या ॲपचं ऑटोमॅटिक बंद करा, बायोस आपल्या हाताने, सस्पेंड करून टाका. आणि काहीच सापडलं नाही, पीसीआर७ बाउंड आहे, ग्रब नाही, तरी मागतोय, तर एकदा सस्पेंड करून लगेच रिझ्यूम करा आणि दोन-तीनदा रिस्टार्ट करून बघा. थांबला तर ठीक, नाही थांबला तर बिल्डमध्येच बग असू शकतो, विंडोजच्या फीडबॅक हब ॲपमध्ये तक्रार टाका. असं होतं, आणि फक्त प्रिव्ह्यूमध्ये होतं असंही नाही, जुलै २०२४ चं सगळ्यांसाठी असलेलं सिक्युरिटी अपडेट टाकल्यावर कित्येकांना ही स्क्रीन आली होती, ऑगस्टच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं.

यावर काही जण म्हणतील की मागच्या बिल्डवर जाऊ. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक, पण त्याची मुदत १० दिवसांची असते आणि मधेच डिस्क क्लीनअप मारून जुन्या विंडोजचं फोल्डर उडवलं असेल तर तेही नाही. इन्सायडरच्या कॅनरी किंवा डेव्ह चॅनेलमधून कायमचं बाहेर पडायचं तर सहसा क्लीन इन्स्टॉलच करावं लागतं. रिलीज प्रिव्ह्यूमध्ये असाल तर पुढचं पक्कं व्हर्जन आलं की आपोआप बाहेर पडायचा पर्याय असतो. आणि कंटाळून अपडेटच बंद करून ठेवू असं करू नका, बहुतेक प्रिव्ह्यू बिल्डला एक्स्पायरी असते, रनमध्ये विनव्हर टाइप केलं की तारीख दिसते, ती उलटली की मशीन आपोआप रिस्टार्ट होत बसतं.

ज्यांना फक्त नवीन स्टार्ट मेन्यू कसा दिसतो एवढंच बघायचंय त्यांनी एवढा व्याप करूच नये, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू विंडोजच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत, टाका. विंडोजचं प्रो एडिशन असेल तर त्यासाठी हायपर-व्ही आहेच, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स, ७.० पासून त्यात व्हर्च्युअल टीपीएमही मिळतो म्हणजे विंडोज ११ ची अट पूर्ण होते. बॅटरी, वायफाय, प्रिंटर नीट चालतात का हे मात्र त्यात कळत नाही, त्यासाठी खरं मशीनच लागतं.

शेवटी हा प्रश्न येतोच, की बिटलॉकर बंदच करून टाकला तर? घरीच पडून असलेला, फक्त टेस्टिंगचा जुना लॅपटॉप असेल, त्यात बँकेचं, आधारचं, फोटो वगैरे काही नसेल, तर खुशाल बंद करा, मी स्वतः टेस्टिंगच्या मशीनवर बंदच ठेवतो. पण जो लॅपटॉप बॅगेत घालून रोज ८:२० च्या फास्टला लटकता त्यावर बंद करू नका, ठाण्याला गर्दीत बॅग गेली तर लॅपटॉपचे पैसे गेले एवढ्यावर भागलं पाहिजे. होम एडिशनवाल्यांना कंट्रोल पॅनेलमध्ये सस्पेंड दिसणार नाही, त्यांच्याकडे सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन एवढं एकच बटण असतं. आणि २४एच२ चं क्लीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आलात तर पूर्वी ज्या मशीनवर ते चालू होत नव्हतं तिथेही आता न विचारता चालू होऊ शकतं, म्हणून आम्ही कधी चालूच केलं नव्हतं म्हणणाऱ्यांनी ते बटण आजच बघून घ्या. चालू असेल आणि बंद करायचं ठरलं तर चार्जर लावून ठेवा, ड्राइव्ह मोठा असेल तर डिक्रिप्ट व्हायला बराच वेळ जातो, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या बिल्डचं रिस्टार्ट नाऊ दाबू नका.